साडूंनी टांगलेल्या थाळ्या

माझ्या साडूंइतका भित्रा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि हे मी अगदी कौतुकानं सांगतोय. बायको त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. मूळचे साताऱ्याकडचे, पण नोकरी सगळी आमच्या जयपुरात, सीतापुऱ्याच्या एका कापड कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून झाली. त्यांना जिथं तिथं अपघात दिसायचा. घरात स्टुलावर चढायचं तर आधी मोठ्यानं जाहीर करायचे, "चढतोय बरं का!" आणि स्वयंपाकघरातून ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, "चढा एकदाचे!" म्हटल्याशिवाय पाय उचलायचे नाहीत. कानोत्याच्या धरणावर सहलीला गेलो तर आम्ही पुरीभाजीवर तुटून पडलेलो, आणि हे गाडीच्या चाकांना दगड लावत हिंडतायत! जेवायला बसलं की प्रत्येकाला प्रश्न, "आज कशातून वाचलास?" पाय घसरता घसरता कुठं राहिला, सुरी लागता लागता कशी चुकली, ते सगळं सांगायचं. लेक वैतागायची, "पप्पा, मतलब रोज काहीतरी व्हायलाच पाहिजे का?" हे म्हणायचे, "होतंच गं. लोक सांगत नाहीत, एवढंच."

लोक सांगत का नाहीत, हा त्यांचा जन्माचा ध्यास. मुख्य कार्यालयातून एकदा 'सुरक्षा उपकरण धारण करें' अशा झोकदार पाट्या आल्या. भाऊजींनी त्या लावल्या आणि चहाच्या सुट्टीत एकेकाला गाठून अर्थ विचारत सुटले. एक म्हातारा विचार करून म्हणाला, "मंदिरवाली कोई बात होगी, साब." झालं! संध्याकाळपर्यंत पाट्या खाली आणि त्या म्हाताऱ्याच्याच बोलीत खडूनं लिहिलेलं भिंतीवर. वरून रागाचं पत्र आलं. भाऊजींनी ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि पुढच्या भिंतीकडे वळले. माणूस भित्रा होता तो यंत्रांच्या बाबतीत, साहेबांच्या नव्हे.

मग तो अपघात झाला. कापडाला इस्त्री करणाऱ्या गरम रुळांत एका कामगाराची दोन बोटं चिरडली. समोरच्या बाजूला कापड सरकवत होती संतोष, त्याच्याच धाकट्या भावाची बायको. तिनं त्याची बाही रुळात जाताना पाहिली होती आणि तोंडातून शब्द काढला नव्हता. कारखान्याच्या मॅनेजरनं सरळ निकाल दिला: बाईचा हलगर्जीपणा, कामावरून कमी करा. भाऊजींनी तिला विचारलं तर ती खाली मान घालून गप्प. शेवटी त्यांनी ताईंना तिच्या घरी पाठवलं. ताईंसमोर ती ढसाढसा रडली. "जेठजी थे, आवाज कैसे देती?" इकडे सून जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाही. आपला आवाजसुद्धा त्याच्या कानी पडू द्यायचा नाही, ही रीत.

भाऊजी मॅनेजरसमोर जाऊन उभे राहिले. "बाईला काढाल तर मलाही काढा. ती ओरडेल अशी सोय मीच केली नव्हती." मॅनेजर वैतागून म्हणाला, तीन महिने देतो, पुन्हा असं झालं तर दोघंही घरी. संतोषचा नवरा आजारी, दोन पोरी शाळेत. ती नोकरी गेली असती तर चूलच विझली असती.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी बाजारातून पितळी थाळ्या आणून प्रत्येक यंत्राशेजारी टांगल्या. धोका दिसला की वाजवायची. बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, रीत मोडायचीच नाही! पण इकडे थाळी वाजते मुलगा झाला की. पहिल्यांदा कोणी वाजवली तेव्हा सगळं खातं हसत सुटलं, "किसके लल्ला हुआ?" भाऊजीही हसले. थाळी वाजवणाऱ्याला लाडू द्यायचा पायंडा त्यांनी पाडला. हळूहळू लोक बिनधास्त वाजवू लागले. एक संतोष तेवढी थाळीला हात लावेना. भाऊजींची झोप उडाली. आम्हाला म्हणायचे, "अहो, तिला वाटतं ती थाळी तिच्यासाठी नाहीच. दोन्ही पोरीच, तिच्या दारी थाळी कधी वाजलीच नाही. आता काय करू सांगा!"

तीन महिने संपत आले आणि जेठ बरा होऊन पुन्हा त्याच रुळांवर आला. चौथ्याच दिवशी कापडाची चुणी काढायला तो वाकला आणि गळ्यातला गमछा रुळाकडे सरकला. थाळी संतोषच्या हाताशी होती. ती विसरली. सगळ्या खात्याला ऐकू जाईल अशी किंचाळली, "जेठजी! पीछे!"

जेठ मागे उडाला. कुणीतरी यंत्र बंद केलं. संतोष तोंड झाकून तिथंच खाली बसली, जणू तिच्या हातून पाप घडलं. भाऊजी सांगत होते, त्यांना एकच धास्ती. कारखान्यात वाचली, पण आता घरी तिचं काय होणार? तेवढ्यात जेठानं तिच्याकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाला, "कोई बीनणी नै कह द्यो, चोखो कर्यो."

सुनेला कोणीतरी सांगा, चांगलं केलंस.

हे सांगताना भाऊजींना रडू आवरेना. आम्हालाही आवरलं नाही.

आता ते निवृत्त होऊन साताऱ्याला गेलेत आणि मला जयपूर ओकंओकं वाटतं. माझी बँकेची शाखा सीतापुऱ्यातच, त्यामुळे तो जेठ अधूनमधून येतो. भाऊजींनी सोपवलेला प्रश्न मी त्याला विचारतो, संतोष आता बोलते का? संतोष घरात त्याच्याशी आजही बोलत नाही. पण रुळांजवळ? तो मान खाली घालून हसतो. "बोले है साब. डाँटे भी है."

फोनवर हे सांगितलं की भाऊजी हळूच म्हणतात, "पुन्हा सांगा बरं, काय म्हणाला तो?" आणि मी पुन्हा सांगतो.