काळ्या हातांची भाकरी

रंगाने काळ्या पडलेल्या हातांची भाकरी कुणाला वाढायची? मैत्रिणींनो, घरातली पहिली पदवीधर असूनही मला याचं उत्तर येत नाही.

संस्थान विलीन झाल्यावर जव्हारात विणकामाचा वर्ग निघाला. तिथे मी शिकवते. सुताला काळा रंग द्यायला हिरड्याचं आणि गंजल्या लोखंडाचं पाणी लागतं. वर्गातल्या, साखरशेत गावच्या सोनीइतका एकसारखा रंग कुणालाच साधत नाही. आज ती दारातच थांबली.

"बाई, उद्यापासून मी नाय येत. सासू म्हनते, तुझ्या हातची भाकर नको. पोरंबी जेवली नाय."

"अगं, धुतल्यावर जाईल."

"तुम्ही कधी धुतलाय?" ती हसली. "तुमचे हात तर कोरेच. तुम्ही वहीत लिहिता, बुडवतो आम्ही."

ती गेली. मग मी रंगाच्या पातेल्यात मनगटापर्यंत हात बुडवले. साबण, राख, कशानेच रंग निघाला नाही. घरी त्याच हातांनी नागलीची भाकरी थापली.

"आधी हात धू," आई म्हणाली.

"धुतले."

तिने ताट दूर सरकवलं. तुमच्या आईने खाल्ली असती का?

सोनी परत येईल की नाही, ठाऊक नाही. मी तिला निरोप धाडला आहे: सूत यापुढे मी बुडवीन, तू शेजारी बसून रंग सांग.