आप्पांची अर्धी राहिलेली प्रार्थना

आमच्या आप्पांची प्रार्थना मध्येच तोडली गेली, आणि त्यामुळे पुढच्या रविवारी आमच्या चर्चचं दार वेळेवर उघडलं नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध म्हणजे मी.

आप्पा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्यात फिटर होते. आयुष्यभर यंत्रांच्या वर आवाज चढवून बोलल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही, देवाशीसुद्धा. दर रविवारी उपदेशाच्या आधी सगळ्या मंडळीच्या वतीनं प्रार्थना करण्याचा मान त्यांचा. मी शाळेत होतो तेव्हापासून त्यांचाच. ही प्रार्थना जगापासून सुरू होते. जगातली युद्धं थांबवून झाली की देश, मग राज्य, मग कलेक्टरसाहेब, मग गगनबावड्याचा पाऊस ("पाड प्रभू, खरं बेतानं पाड. मागच्या खेपंला नदी शिवारात आलती!"), मग उसाचा दर, आणि मग मंडळीतले आजारी. आजाऱ्यांची नावं अवयवांसकट! "प्रभू, मार्थाबाईंचा गुडघा. डावा. उजव्याला सध्या काय न्हाय." आणि सगळ्यात शेवटी आपलं घर. आपलं घर शेवटी घ्यायचं, हा आप्पांचा नियम.

माझं बी.ए. या प्रार्थनेच्या शेपटाला लटकूनच पार पडलं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. घरात एकच खोली आणि माणसं भरपूर. म्हणून अभ्यासाला चर्चची मागची खोली मिळाली, तिथली ट्यूबलाइट मिळाली. निकाल लागला तेव्हा मंडळीनं असे पेढे वाटले, की जणू चर्चच पास झालंय. त्या उपकारानं मी अजून वाकलेला आहे. पुढे पदवीधर म्हणून मला सेक्रेटरी केलं, पदवीधर म्हणून बायबलमधला शास्त्रपाठ वाचायला दिला, पदवीधर म्हणून बंद पंख्याकडे बघायला लावलं, आणि पदवीधर माणूस काही हरवणार नाही म्हणून चर्चची किल्ली दिली.

किल्ली कसली, वीतभर लोखंड! मिशनच्या काळातलं कुलूप आणि त्याला एकुलती एक किल्ली. रविवारी पँट चढवली की माझा हात आपोआप खुंटीकडे जातो आणि किल्ली उजव्या खिशात पडते. तिच्या वजनाची मला इतकी सवय, की ती नसली तर मी डावीकडे झुकून चालतो.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना नवीन पाळकसाहेब आले. नगरकडचे, तरुण, बोलायला गोड आणि मनगटावर ठरल्या वेळी थरथरणारं घड्याळ. आल्या आल्या त्यांनी सुधारणा सुरू केल्या. पहिल्याच प्रीतीभोजनाला, म्हणजे मंडळीच्या पंगतीला, ते मार्थामावशींना म्हणाले, "मावशी, रस्सा फार छान. फक्त तिखट जरा कमी करता येईल का?"

मावशींच्या हातातली पळी तशीच राहिली. (कोल्हापुरात माणूस एकवेळ पाप कबूल करील, तिखट जास्त झालं असं कबूल करणार नाही!)

त्यानंतर त्यांनी आमच्या विल्सनला, जो दुधाचा टेम्पो चालवतो आणि रविवारी पेटी वाजवतो, सुचवलं, "एखाद्या गीताला मोबाईलवर ट्रॅक लावून बघू या?" विल्सननं पेटीचा भाता बंद केला तो अशा आवाजात, की पुढच्या बाकावरचं बाळ रडायला लागलं.

आणि मग आला आप्पांचा रविवार. आप्पा मार्थामावशींच्या गुडघ्यापर्यंत पोचले होते. डावा सांगून झाला आणि उजव्याकडे वळण्याआधी त्यांनी श्वास घेतला. तेवढ्यात पाळकसाहेबांचं घड्याळ थरथरलं, आणि साहेब मोठ्यानं म्हणाले, "आमेन!"

सवयीनं सगळी मंडळी म्हणाली, "आमेन!" (गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात. मीही.)

आप्पांनी डोळे उघडले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि खाली बसले. मग आम्ही घरी आलो. जेवताना भाकरीचा तुकडा मोडून म्हणाले, "सॅम्या, आपलं घर ऱ्हायलं की रं."

"कशात राहिलं?"

"प्रार्थनेत! तुमची सगळ्यांची नावं घ्यायची ऱ्हायली. पुढच्या रविवारपासनं मी त्या चर्चात पाय ठेवत न्हाय."

"आप्पा, तुमचं लग्न त्या चर्चमध्ये झालंय."

"म्हणून तर राग आलाय! परक्याच्या घरी एवढा राग येतोय व्हय कधी?"

माझी बायको एस्तेर समजूतदार आहे. ती म्हणाली, "मामंजी, एक रविवार दुसरीकडं जाऊन बघू या. गडमुडशिंगीच्या रोडला मंगल कार्यालयात नवीन फेलोशिप सुरू झालीय. एसी हाय म्हणं." मला वाटलं, आप्पा एसीला नाही म्हणतील. आप्पा म्हणाले, "किती वाजता असतंय?"

रविवारी आप्पांनी ठेवणीतला कोट घातला. मी पँट चढवली आणि आम्ही तिघं मोटारसायकलवरून निघालो. ओळखीचं कुणी बघू नये म्हणून आप्पांनी तोंडाला मफलर गुंडाळला. भर मे महिन्यात! सिग्नलला लोक आमच्याकडेच बघत होते.

कार्यालयाच्या दारात टापटीप मुलं-मुली उभ्या. "प्रेज द लॉर्ड, अंकल! पहिल्यांदाच आलात?" एवढं म्हणून त्यांनी आमच्या छातीवर एकेक पिवळाधमक गोल स्टिकर चिकटवला: "पाहुणे – आपले स्वागत असो!" आप्पांनी सवयीनं "सलाम" केला. आम्ही ख्रिस्ती माणसं पिढ्यान्पिढ्या एकमेकांना सलामच करतो. स्टिकर लावणाऱ्या मुलीनं गोंधळून कपाळाला हात लावून सॅल्यूट ठोकला.

आत गारवा, मऊमऊ खुर्च्या, ड्रम, गिटार. आम्ही मुद्दाम शेवटच्या ओळीत गेलो. तिथं आधीच एक बाई पदरानं तोंड झाकून, खाली मान घालून बसल्या होत्या. एस्तेर वाकून म्हणाली, "मावशी, तुम्ही?"

मार्थामावशी! छातीवर पिवळा स्टिकर.

"मी आपली बघायला आले," मावशी कुजबुजल्या. "एसीनं गुडघ्याला काय फरक पडतोय का ते."

"आणि पिशवीत काय आहे?"

"प्रभुभोजनाची भाकर. आज म्हयन्याचा पहिला रविवार न्हवं? हितनं लवकर सुटलं की तिकडं जाणार हुते. मी काय चर्च सोडलेलं न्हाय बाबा! राग आलाय फकस्त."

एवढ्यात पुढच्या ओळीतला माणूस मागे वळला. विल्सन! तोही पिवळा. "सर," तो मला म्हणाला (पदवीधर म्हणून मी सगळ्यांचा सर), "हितं पेटीच न्हाय वो. कुठं ठेवली असंल?"

आप्पांनी मफलर काढला. "लेकांनो, तुम्ही सगळे हितं, मग तिकडं कोण हाय?"

या प्रश्नाचं उत्तर मला बसल्या बसल्या मिळालं. ती खुर्ची इतकी मऊ होती की मी तिच्यात खोल गेलो, आणि उजव्या मांडीत काहीतरी कचकन टोचलं. आमच्या चर्चच्या लाकडी बाकावर ते आजवर कधी टोचलं नव्हतं. मी खिशात हात घातला. वीतभर लोखंड!

मोबाईल सायलेंटवर होता. उघडून बघतो, तर पाळकसाहेबांच्या मिस्ड कॉलची रांग. मी आप्पांना किल्ली दाखवली. आप्पांचा चेहरा पांढरा पडला.

"सॅम्या! रागावलो मी, आणि कुलूप तू घातलंस?"

"सवयीनं आली हो खिशात!"

"बी.ए. केलंस ते ह्यासाठी?"

स्टेजवर ड्रम सुरू झाले होते, त्याचा फायदा घेऊन आम्ही पाचजण वाकून वाकून बाहेर पडलो. दारातली मुलगी म्हणाली, "अंकल, एवढ्यात? काही चुकलं का?" आप्पा थांबले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचं काय चुकलं न्हाय, बाळा. आमच्या घराला कुलूप ऱ्हायलंय."

मोटारसायकल पाचजणांना पुरेना, म्हणून सगळे विल्सनच्या टेम्पोत. मार्थामावशी आणि एस्तेर पुढे, आप्पा आणि मी मागे दुधाच्या रिकाम्या कॅनांत. प्रत्येक खड्ड्याला कॅन वाजायचे आणि आप्पा ओरडायचे, "विल्सन, दाब! मंडळी उन्हात हाय!" ज्या चर्चात पाय ठेवायचा नव्हता, त्याच्यासाठी हा माणूस टेम्पो पळवायला लावत होता. मी हे बोलून दाखवलं नाही. टेम्पो चालू असताना बोलणं बरं नव्हतं.

चर्चसमोर पोचलो तर काय! दार बंद, आणि उरलेली मंडळी रस्त्यावर. शेजारच्या टेलर इकबालभाईंनी आपल्या दुकानातल्या खुर्च्या, स्टुलं, इतकंच काय इस्त्रीचं टेबलसुद्धा बाहेर मांडून दिलं होतं. त्या टेबलावर पवित्र शास्त्र उघडून पाळकसाहेब उभे होते. म्हाताऱ्या बाया चहा पीत होत्या. पेटी आत कोंडलेली, त्यामुळे गीताला कुणाची चाल कुणाशी जुळत नव्हती. साहेबांचा चेहरा घामानं भिजला होता, आणि मला तो पहिल्यांदाच लहान मुलासारखा दिसला.

इकबालभाई मला बघून गरजले, "काय सर! देवालाच कोंडून गेलतासा व्हय?"

मी दार उघडलं. मंडळी आत शिरली. पाळकसाहेबांनी आम्हाला शांतपणे विचारलं, "तुम्ही सगळे एकदम कसे?"

"वाटंत गाठ पडली," मार्थामावशी म्हणाल्या.

"टेम्पो पंक्चर झालता," विल्सन म्हणाला.

"जरा कॅन पोचवायचे होते," मी म्हणालो. (पदवीधर माणूस! याहून बरं काही सुचलं नाही.)

आम्ही आपापल्या बाकांवर जाऊन बसलो. उपासना सुरू झाली. विल्सननं पेटी अशी वाजवली की छतावरची कबुतरं उडाली. मग साहेब उभे राहिले, आमच्यावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "आज आपल्यात काही पाहुणे आले आहेत. त्यांचं मी मनापासून स्वागत करतो."

सगळे मागे वळले. आम्हीही वळलो, पाहुणे बघायला! मग एस्तेरनं माझ्या छातीकडे बोट दाखवलं. पिवळाधमक गोल! मावशींच्या पदरावर पिवळा, विल्सनच्या शर्टावर पिवळा, आप्पांच्या ठेवणीतल्या कोटावर पिवळा. चर्चमध्ये असा हशा मी कधी ऐकला नव्हता. रस्त्यावरून इकबालभाई डोकावले आणि काय झालंय हे न कळताच हसायला लागले.

हसणं ओसरल्यावर साहेब खाली उतरले. घड्याळ मनगटावरून काढलं, खिशात टाकलं आणि आप्पांसमोर उभे राहिले. "आप्पा, तुमची त्या रविवारची प्रार्थना मी मध्येच तोडली. माझं चुकलं. राहिलेली आज पुरी कराल?"

आप्पा उठले. कोट सारखा केला, स्टिकर तसाच. डोळे मिटले. मला वाटलं, पुन्हा जगापासून सुरुवात होणार. पण आप्पा म्हणाले, "तर प्रभू, उजव्या गुडघ्याला काय न्हाय."

आणि तिथून पुढे ते गेले! गुडघा झाला, कुणाची साखर झाली, कुणाचा मोतीबिंदू झाला. मग म्हणाले, "प्रभू, आमचे नवीन पाळक लांबनं आल्यात. घरापासनं लांब हायत. त्यांना आमचं तिखट सोसायची ताकद दे." मार्थामावशी मोठ्यानं "आमेन!" म्हणाल्या. साहेबांनी खिशातला रुमाल काढून डोळे पुसले. (ते तिखटाच्या आठवणीनं, असं विल्सनचं म्हणणं.)

"आणि आता माझं घर, प्रभू. हा माझा ल्योक. तुझ्याच खोलीत बसून शिकलाय. लई शिकलाय. खरं तुझ्या घराची किल्ली खिशात घिऊन दुसऱ्याच्या मांडवात जाऊन बसतोय. त्याला अक्कल दे. न्हाय जमलं तर दुसरं कुलूप दे."

प्रभूनं दुसरा पर्याय निवडला. पुढच्याच आठवड्यात नवीन कुलूप आलं. त्याला तीन किल्ल्या: एक पाळकसाहेबांकडे, एक मार्थामावशींकडे, एक इकबालभाईंकडे. माझ्याकडे सेक्रेटरीपद आहे.

आता मी नसलो तरी चर्च वेळेवर उघडतं. हे माझ्या मनाला इतकं लागलंय, की तेव्हापासून मी एकही रविवार चुकवलेला नाही. सगळ्यांच्या आधी येऊन पायरीवर बसतो, कुणीतरी येऊन दार उघडेल म्हणून. आणि खिसा मोकळा असल्यामुळे आत जाताना थोडा डावीकडे झुकलेला असतो. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या एकमेकींना कौतुकानं सांगतात, "एवढा शिकलाय, खरं बघा की, देवाच्या घरात कसा वाकून चालतोय!"