हू-विच बाईंच्या फळ्यावरचं वाक्य

हू-विच बाई कोणाला नुसत्या नावाने हाक मारत नसत. "ज्याच्या घरी दोन कालवडी आहेत तो संत्या, उभा राहा," असं म्हणत. आम्हाला इंग्रजीतली विशेषण-वाक्यं शिकवता शिकवता त्यांचं मराठीही तसंच झालं होतं. राजुरीच्या पुढे आमचं गाव. तिथल्या हायस्कुलात नव्वदच्या दशकात त्या तात्पुरत्या जागेवर होत्या. 'हू-विच' हे नाव पोरांनी ठेवलेलं, आणि बाईंना ते ठाऊक होतं.

"नुसतं 'माणूस' म्हणून काय कळतं? कोणता माणूस, ते सांगा," हे त्यांचं पालुपद. पुस्तकातलं वाक्य चालत नसे. रोज स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर दोन वाक्यं आणायची आणि हू, विच नाहीतर हूज लावून जोडायची.

"बाई, म्हशीला हू चालंल का?" संत्याने एकदा विचारलं.

"म्हशीला विच."

"पर आमची म्हस आमच्या आज्ज्यापेक्षा शहाणी हाय, बाई."

"मग घरी हू म्हण. परीक्षेत नको."

सगळ्यांत चांगलं वाक्य बाई स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहीत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पुसत नसत. माझं तिथे एकदाच लागलं, नववीत. 'दॅट इज द फार्मर हू प्लाऊड द रोड.' ज्याने रस्ता नांगरला तो शेतकरी. तो म्हणजे आमचे नाना, माझे सख्खे चुलते, शाळेच्या कमिटीवरचे. आदल्या आठवड्यात त्यांनी बौद्ध वस्तीची गाडीवाट ट्रॅक्टरने नांगरून आपल्या कांद्यात घेतली होती. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. त्यात काही वाईट आहे असं तेव्हा मनातही आलं नाही. पाहिलं ते लिहिलं. बाई त्याच वस्तीतल्या. वाट गेल्यापासून चपला हातात घेऊन बांधावरून यायच्या. वहीतलं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मग "बरोबर आहे" म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी नाना थेट वर्गात आले, मागे मुख्याध्यापक.

"कुणी लिवलं ह्ये?" नाना माझ्याकडे वळले. "तुझं हाय म्हणं."

"मी मनानं न्हाई, नाना. बाईंनी सांगितलं तसं लिवलं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"फळ्यावरचं अक्षर माझंच आहे," त्या म्हणाल्या.

"वाटंचं भांडान शाळंत आणता व्हय, बाई?" नाना म्हणाले, आणि मुख्याध्यापकांनी स्वतः फळा पुसला.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बाईंच्या जागी दुसरे सर होते. घरात कोणी तो विषय काढला नाही. मीही नाही.

पुढे मी मंचरला नोकरीला लागलो. बाई तिथेच शिकवण्या घेत. चार वर्षं मी त्यांच्या दारावरून रोज जात होतो. एका रविवारी आत गेलो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"माहितीये की मला," बाई म्हणाल्या. "बस आधी."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"भरल्या वर्गात पोराला खोटं पाडू? चौदा वर्षांचा होतास रे तू. ते मी कधीच सोडून दिलं." त्यांनी चहा पुढे सरकवला. "पण नंतरची बारा वर्षं काय तू चौदाचाच होतास?"

मी चहा प्यालो, पाया पडलो, निघालो. नाना तेव्हा धडधाकट होते, वाट कांद्यातच होती. त्यांच्यासमोर मी हे कधी बोललो नाही. आता लिहितोय, तेही नाना गेल्यावर.