पुकारलेला हिरवा

भुसावळच्या निवृत्त रेल्वेवाल्यांच्या मेळाव्याला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. तिथे जुने हातदिवे मांडले होते. पॅसेंजरचे माजी ड्रायव्हर पाटील यांनी एक पेटवला आणि म्हणाले, "हिरवा." काच लाल होती.

"चष्मा पुसा, पाटील!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"नोकरीच्या शेवटच्या वर्षीच लाल-हिरवं कळेनासं झालं होतं," पाटील म्हणाले. सिग्नलचा रंग ड्रायव्हर आणि सहायक, दोघांनीही मोठ्याने पुकारायचा असा नियम असतो. "हा माझा सहायक जाधव आधी पुकारायचा. मी त्याच्या मागून."

शेजारी बसलेल्या जाधवांनी चहाचा कप खाली ठेवला. "साहेब, पेंग आली की मी न बघताच 'हिरवा' म्हणायचो. म्हटलं, तुम्ही बघताय ना."

त्या वर्षी त्याच पॅसेंजरने मी रोज ऑफिसला जायचो, खिडकीला डोकं टेकून झोपत. पुढे कुणीतरी बघतंय, हे मीही धरूनच चाललो होतो.