दीपमाळ नव्हती ती

घरात बसून मला नुसती धास्ती वाटत होती, म्हणून आम्ही निघालो. सातवा महिना चालू आहे. पहिल्या वेळी सहाव्यातच सगळं संपलं होतं. त्यामुळे यावेळी बाळ जरा शांत राहिलं की माझा जीव टांगणीला. त्यात साताऱ्याहून इथे परदेशात डोहाळजेवणाला आलेल्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, ड्रोहेड्याच्या फ्लॅटमध्ये करमेना. माझ्या नवऱ्याने, निखिलने, ऑफिसात मलिंगारजवळच्या दगडी मनोऱ्यांचं ऐकलं होतं. म्हटलं चला.

तुम्ही जाणार असाल तर स्लेन, नॅव्हन, डेल्विन असा रस्ता धरा. स्लेनचा उतार जपून. शेवटची गल्ली इतकी अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर मागेच जावं लागतं. तिकीट नाही, पण टॉयलेटही नाही. डेल्विनलाच उरकून घ्या. आम्ही तिथे सूप आणि ब्राउन ब्रेड खाल्ला, आईंनी पर्समधला धपाटा काढला.

शेतात तीन मनोरे आहेत, एकाच शिल्पकाराने बांधलेले. पहिला बटाट्याचं पीक बुडून पडलेल्या इथल्या जुन्या दुष्काळाचा: बाहेरून भरभक्कम, आत पोकळ, आणि पोकळीत दगडी बटाटे, हात पोचणार नाही इतके खोल. दुसऱ्यावर घंटाच घंटा, एकीलाही लोलक नाही. वारा सुटला होता आणि एवढ्या घंटांमधून काहीच ऐकू येत नव्हतं. निखिल फोटो काढत होता. आई कधीच पुढे गेल्या होत्या.

तिसरा मनोरा वर निमुळता, आणि चहूबाजूंनी छोटे छोटे कोनाडे. आमच्याकडे देवळापुढे असते ना, थेट तशी दीपमाळ! आईंचंही तेच झालं. वाटेत एखादं देऊळ लागलं तर असावं म्हणून ओटीचं सामान त्या कायम पिशवीत ठेवतात. आम्ही पोचेपर्यंत एका कोनाड्यात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सगळं साग्रसंगीत मांडून झालं होतं. वर नवसही बोलून झाला होता: सुनेची सुखरूप सुटका होऊ दे, बाळाला घेऊन तुझ्या पायाशी येईन.

मला हसू आलं. तेवढ्यात कुत्रं घेऊन फिरणारी एक म्हातारी बाई थांबली. शेजारच्या शेतातली. तिने सांगितलं की बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या बाळांना पूर्वी चर्चच्या जमिनीत जागा देत नसत. बाप त्यांना अशा शेतांच्या कोपऱ्यात गुपचूप पुरून येत. दगड नाही, नाव नाही. हे कोनाडे त्यांचे. निखिलने ते आईंना मराठीतून सांगितलं.

माझ्या पोटातल्या बाळाचा नवस, आणि तो इथे? मी निखिलला म्हटलं, उचल ते सगळं, आत्ताच्या आत्ता. तो पुढे झालाही. आईंनी त्याला आडवा हात घातला.

"दिलेली ओटी माघारी घेत न्हाईत."

मला त्यांचा इतका राग आला की मी तशीच गाडीकडे निघाले. गाडीत बसले आणि लक्षात आलं, बाळ हलत नाहीये. गोड खाल्लं, कुशीवर झाले, थंड पाणी प्यायले. काही नाही. नॅव्हन गेलं, स्लेन गेलं. निखिल एकटक रस्त्याकडे बघत होता. मी मनातल्या मनात त्या कोनाड्यांची माफी मागत होते आणि त्यांना दूर राहा म्हणूनही विनवत होते.

घरी न जाता थेट हॉस्पिटल. नर्सने पोटावर पट्टा बांधला. ती यंत्र इकडेतिकडे सरकवत होती तेवढा वेळ मी नुसती तिच्या तोंडाकडे बघत होते. मग आवाज आला, घोडा दौडावा तसा. "ग्रँड," ती म्हणाली. इथे पावसापासून पगारापर्यंत सगळंच ग्रँड, म्हणजे ठीकठाक, असतं, पण त्या दिवशी मी त्या शब्दावर ढसाढसा रडले.

घरी आल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसल्या. मी अजून घुश्शातच होते. म्हटलं, तुम्हाला कळल्यावर तरी भीती नाही वाटली?

"वाटली की," त्या म्हणाल्या. "पर निख्याच्या आधी एक मुलगी झालती मला. बारशाच्या आधी गेली. आपल्यातबी एवढ्या लेकराला जाळत न्हाईत, पुरतात. मला जाऊ दिलं न्हाई. मळ्यात कुठं ठेवली, त्ये अजून ठावं न्हाई. त्या पोरांची ओटी उचलायला माझा हात कसा धजंल?"

निखिल दारात उभा होता. त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

माझी भीती गेलेली नाही, खोटं कशाला बोलू. अजून दोन महिने जायचेत आणि रात्रंदिवस हात पोटावरच असतो. मनोरे बघायला जरूर जा, पण पोटुशी बाई बरोबर असेल तर तिला आधी सांगा. नवस मात्र फेडायचा ठरलाय. बाळाला घेऊन जाऊ तेव्हा ओट्या दोन न्यायच्या आहेत. दुसरी ज्या कोनाड्यात ठेवायची, तो कोनाडा आई निवडतील. बारशाविना गेलेल्या आपल्या मुलीचं नावही त्या तिथेच ठेवणार आहेत.