बांधून ठेवलेली तेरवी

दारव्ह्याच्या पेठेत मारोतरावांचा छापखाना आणि माझं वह्या-दौतीचं दुकान, मध्ये एकच भिंत. १९६२ सालचा तो बाजारचा दिवस आठवला की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

मारोतराव शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे ते अर्थ न लावता. "वाचत बसलो तं बोटं अडखळते," म्हणायचे. तपासायचा कच्चा कागद निघाला की मी मोठ्यानं वाचायचो, तेव्हा कुठे मजकूर त्यांच्या डोक्यात शिरायचा. तेरवीच्या पत्रिकेचे खिळे तर कायम सुतळीनं बांधलेलेच असत. मरणाला मुहूर्त नसतो. नाव, गाव, तारीख बदलली की झालं.

माणूस कामाला वाघ, पण हट्टी! धाकट्या बहिणीनं, नलूनं, राजूरच्या कोळसा खाणीतल्या रामराव गावंडेशी स्वतःच लग्न ठरवलं, तेव्हा गरजले, "त्याचं नाव माह्या छापखान्यात लागनार नाही!" पत्रिका छापली नाही, लग्नाला गेले नाहीत, सहा वर्षं तिचं तोंड पाहिलं नाही. मी किती समजावलं! पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी ते जेवायला गेले असताना देवीलाल नावाचा परका माणूस माझ्याकडे तेरवीची चिठ्ठी ठेवून बाजारात गेला. ती मी तशीच त्यांना दिली. बोटं भराभर चालली, कागद निघाला, मी वाचू लागलो, "कै. सौ. कोकिळाबाई रामराव गावंडे, राजूर..."

सासरी नलूचं नाव बदललेलं आम्हाला ठाऊकच नव्हतं. पण रामराव गावंडे? राजूर? मी ते नाव पुन्हा पाहिलं.

"काहून थांबला? वाच ना."

 त्यांनी कागद ओढून घेतला, पाहिला आणि मशीनजवळ खाली बसले.

"माह्या हातानं लावलं मी... अन् मले समजलं नाही?"

वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये. तेवढ्यात देवीलाल परतला.

"मारोतराव कोन? बाईचा मराच्या आधीचा निरोप हाय. म्हने, लग्नाची तं दादानं छापली नाही, हे तरी त्याच्याच हातानं छापून घेजा."

मारोतराव उठले. सगळ्या पत्रिका एकट्यानं छापल्या, मला हात लावू दिला नाही. मग सुतळी सोडून सगळे खिळे आपापल्या अक्षरांच्या खणांत टाकले. त्यानंतर तेरवीचा मजकूर त्यांनी कधी बांधून ठेवला नाही. कुणीही गेलं तरी पहिल्या अक्षरापासून जुळवायचे, आणि जुळवताना नाव मोठ्यानं वाचायचे.