रोवळीखालचा सर्व्हर

माझी अक्का सोलापुरातल्या एका कॉलेजात बारावीला इतिहास शिकवते. घरी देवघराशेजारच्या फळीवर तिचा जुना संगणक दिवसरात्र चालू असतो. त्यात तिनं घरीच स्वतःच्या आवाजात वाचलेले धडे आहेत. डोळ्यांनी दिसत नाही अशी पोरं ते फोनवर ऐकतात. मी म्हणायचो, "फुकटच्या साइटी ढीगभर हायेत, तितं टाक की! घरात कशाला हे लचांड?" तर म्हणे, तिथं जाहिराती येतात आणि पडद्यावरचं बोलून दाखवणारा या पोरांचा फोन धडा सोडून जाहिरातच वाचत बसतो. आपल्या पानावर धडा म्हणजे धडा. आता हिच्यापुढं काय डोकं आपटणार!

परीक्षा तोंडावर आली आणि माढ्याकडच्या एका मुलीचा फोन आला. "मॅडम, पान उघडंना झालंय." घरात तिला वाचून दाखवणारं कुणी नव्हतं. आधी एकदा ती इतिहासात नापास झाली होती. पुन्हा तसंच झालं तर शिक्षण बंद, असं घरच्यांनी बजावलेलं. अक्काचा चेहरा उतरला.

आम्ही नेटवाल्याकडं गेलो. तो निवांत चहा पीत म्हणाला, "ताई, सगळ्या गल्लीला आता मिळून नेटवरचा एकच पत्ता हाय. बाहेरनं तुमच्या मशीनपर्यंत कुणाला येता यायचं न्हाय. घरचं कनेक्शन बघायला असतंय, दाखवायला न्हाय. स्वतंत्र पत्ता पायजे तर दुकानाचं लायसन आणा."

"मास्तरीण आता किराणा दुकान टाकणार व्हय रे?" मी भडकलोच. अक्कानं दंड धरून मला बाहेर ओढलं, आणि जाता जाता त्याला थँक्यू म्हणाली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पण ही बाई शांत. कॉलेजातून आली की संगणकासमोर बसायची. शेवटी तिनं मला समजावून सांगितलं: बाहेरून आपल्याकडं येता येत नाही, पण आपल्याला बाहेर जाता येतंच की. तिनं बाहेर, एका कंपनीकडं, एक छोटं मशीन भाड्यानं घेतलं. आमचा संगणक आतून त्याला फोन लावल्यासारखा जोडून राहतो आणि पोरं त्या बाहेरच्या मशीनवरून आत येतात. पान उघडलं! मी जागच्या जागी टाळ्या पिटल्या. मला काडीचं कळलं नव्हतं, पण अभिमान वाटला लई.

दोन दिवसांत पान पुन्हा बंद. मी फोनवर नेटवाल्याचा मनसोक्त उद्धार केला, आणि मागं वळून बघतो तर काय, आमच्या अव्वानं, म्हणजे आईनं, संगणकावर जाड सोलापुरी चादर पांघरलेली! "धूळ बसती की रे," ती म्हणाली. टीव्ही, मिक्सर, शिलाईमशीन, आमच्या घरात सगळ्यांना चादर. संगणक तापून बंद पडला होता. चादर काढून अक्कानं त्यावर तांदूळ धुवायची बांबूची रोवळी पालथी घातली. अव्वाची धुळीची काळजी मिटली, संगणकालाही वारा मिळाला.

निकालानंतर ती मुलगी वडिलांबरोबर पेढे घेऊन आली. पास झाली होती, बार्शीच्या कॉलेजात प्रवेश घेणार होती. मी तेव्हा कामावर निघायच्या गडबडीत. "अव्वा, माझी चावी कुटं ठेवलीस?" असं ओरडलो, तर पोरगी खुदकन हसली.

"तुमीच व्हय ते दादा? पाचव्या धड्यात बी तुमची चावी हरवलीय."

मी अक्काकडं डोळे वटारून पाहिलं. "पुसायचं राहिलं," ती ओशाळून म्हणाली. "आज पुसते."

"नका पुसू, मॅडम," मुलगी म्हणाली. "सगळी रानात गेल्यावर मी घरात एकटीच असते. धडा लावला की घरात माणसं असल्यावानी वाटायचं."

चावी शोधायच्या निमित्तानं मी आत गेलो आणि रोवळीपाशी बराच वेळ उभा राहिलो.